वीरपत्नीच्या वयाचा हिशेब पुन्हा मांडावा : सैनिक कल्याण विभागास खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, माजी सैनिक कल्याण, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
मा. संचालक, सैनिक कल्याण विभाग, महाराष्ट्र राज्य, पुणे
प्रत : मा. सचिव, केंद्रीय सैनिक बोर्ड, नवी दिल्ली

विषय : सेवेत असताना मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या पत्नींना रोजगारासाठी द्यावयाच्या साहाय्याबाबत

महोदय,

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका डोंगराळ तालुक्यात राहणारी वीरपत्नी आहे. २००८ साली माझे यजमान जम्मू-काश्मीरमधील एका कारवाईत कामी आले, तेव्हा मी २३ वर्षांची होते. मुलगी तीन वर्षांची आणि मुलगा दहा महिन्यांचा होता. माझे शिक्षण बारावी वाणिज्य इतकेच होते आणि लग्नानंतर पुस्तकाला हात लागलेला नव्हता. आज मी एका शाळेत लिपिक म्हणून काम करते. हे काम मिळाले तेव्हा मी ३२ वर्षांची होते, म्हणजे यजमान गेल्यानंतर नऊ वर्षांनी. मला आता स्वतःसाठी काही मागायचे नाही. परंतु माझ्यानंतर ज्या मुली या वाटेवर आल्या आणि पुढे येतील, त्यांची ही नऊ वर्षे कमी व्हावीत, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

पार्थिव गावात आले त्या दिवशी शाळेच्या मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मानवंदना झाली, मोठी माणसे येऊन गेली, आणि तेराव्याच्या आत एका स्थानिक संस्थेने घरातील एका व्यक्तीला नोकरी देण्याचे जाहीर केले. ती नोकरी माझ्या दिरांना मिळाली. त्या वेळी ते सर्वांना योग्यच वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही वाटले. मला कोणी विचारले नाही हे खरे, पण विचारले असते तरी अंगावर पिणारे मूल घेऊन, डोळ्यांपुढे अंधार असताना मी काय उत्तर दिले असते? माझे म्हणणे एवढेच आहे की, 'घरातील एका व्यक्तीला' हे शब्द उच्चारले गेले त्या क्षणी माझा हक्क ठरला आणि त्याच क्षणी तो संपलाही. पुढे मी काम मागायला गेले, तेव्हा 'तुमच्या घरात नोकरी दिलेली आहे' हे उत्तर माझ्या आधी तिथे जाऊन बसलेले होते.

म्हणून पहिली विनंती. सैनिकाच्या मृत्यूनंतर शासकीय, निमशासकीय किंवा शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने कुटुंबाला नोकरी देऊ केली, तर तिच्यावरील पहिला हक्क पत्नीचा असल्याचे लेखी नमूद व्हावे, आणि तो वापरण्यासाठी तिला किमान सात वर्षे मिळावीत. तिला तो हक्क मुलासाठी किंवा दिरासाठी सोडायचा असेल, तर तो तिने खुशाल सोडावा. पण ते संमतीपत्र पहिल्या वर्षाच्या आत घेऊ नये आणि सासरच्या मंडळींच्या बैठकीत घेऊ नये. दुःखाच्या पहिल्या महिन्यात बाई समोर येईल त्या कागदावर सही करते. मीही केली आहे.

आता वयाविषयी. माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची गाठ इथे आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहिते.

केंद्र सरकारच्या गट क पदांसाठी पुनर्विवाह न केलेल्या विधवेला वयाची सवलत ३५ वर्षांपर्यंत आहे. अनुसूचित जाती-जमातींतील विधवांना ती ४० वर्षांपर्यंत मिळते. सैन्यात शॉर्ट सर्व्हिस कमिशनने, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्या नेमणुकीने, अधिकारी होण्याची जी वाट सैनिकांच्या विधवांसाठी ठेवली आहे, तिथेही कमाल मर्यादा ३५ वर्षांचीच आहे. वरवर पाहता ही सवलत उदार वाटते. पण पंचविसाव्या वर्षी विधवा झालेल्या, एक वर्षाचे मूल असलेल्या मुलीचा हिशेब मांडून पाहा. मूल शाळेत जाऊ लागते तेव्हा ती तीस वर्षांची असते. बारावी झालेली असेल आणि घरच्यांनी होकार दिला, तर त्यानंतर तीन वर्षांची पदवी, म्हणजे तेहतीस. पुढे एमएससीआयटी आणि टायपिंग, कारण लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठीचे मिनिटाला ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द लागतात, म्हणजे चौतीस. त्यानंतर जाहिरात यायची, परीक्षा व्हायची, निकाल लागायचा. एवढ्या वाटचालीत कुठेही तिचा आळस नाही आणि कुठेही तिची चूक नाही, तरी ती दारापाशी पोहोचते तेव्हा दार लागलेले असते.

याउलट, सैनिक निवृत्त होऊन नागरी नोकरीसाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्या वयातून सैन्यसेवेची सर्व वर्षे वजा केली जातात आणि त्यावर आणखी तीन वर्षांची सूट दिली जाते. हे अगदी न्याय्य आहे, कारण जी वर्षे त्याने देशाला दिली त्या वर्षांत त्याचे समवयस्क नोकरीला लागत होते. परंतु त्याच वर्षांत त्याची पत्नी काय करत होती? ती त्याचे आईवडील सांभाळत होती, शेत बघत होती, बाळंतपणे एकटीने काढत होती, आणि तो सीमेवर निश्चिंत राहावा म्हणून घरातील निम्मी दुखणी पत्रात किंवा फोनवर सांगतच नव्हती. तो जिवंत परतला तर त्या वर्षांची भरपाई घराला मिळते. तो परतला नाही, तर ती वर्षे कोणाच्याच खात्यावर जमा होत नाहीत. केंद्राच्या नियमांत 'माजी सैनिक' या शब्दाचा अर्थ स्वतः सेवा केलेली व्यक्ती असा असल्यामुळे, त्याच्यासाठी गट क मध्ये असलेले १० टक्के आरक्षणही त्याच्या मागे पत्नीकडे येत नाही.

तेव्हा माझी मुख्य मागणी अशी आहे : सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या पत्नीच्या वयातून पतीच्या सेवेची वर्षे आणि त्यावर तीन वर्षे वजा करावीत, आणि ज्यांची सेवा अगदी अल्प झाली होती त्यांच्या पत्नींसाठी धाकटे मूल सहा वर्षांचे होईपर्यंतचा काळ वयात धरू नये. राज्य शासनाने आपल्या अखत्यारीतील पदभरतीत ही गणना स्पष्ट शब्दांत लिहावी आणि केंद्राकडे तशी शिफारस करावी. यासाठी तिजोरीतून एक रुपयाही जाणार नाही. परीक्षा तिला द्यावीच लागेल, गुण मिळवावेच लागतील. फक्त परीक्षेला बसता येईल.

ही सूट देता येते हे एकदा सिद्धही झालेले आहे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात हुतात्मा झाले. त्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचे ठरविले, तेव्हा त्यांनी वयोमर्यादा ओलांडलेली होती. तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी विशेष बाब म्हणून त्यांना सूट दिली, त्या निवड मंडळाच्या कसोटीस उतरल्या, चेन्नईच्या प्रबोधिनीत त्यांनी आपल्याहून कितीतरी लहान मुलींच्या बरोबरीने प्रशिक्षण पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. विरारच्या गौरी महाडिक यांनीही २०२० मध्ये त्याच वाटेने अंगावर वर्दी चढविली. या दोघींची छायाचित्रे आमच्याकडच्या अनेक घरांत वर्तमानपत्रातून कापून ठेवलेली आहेत आणि मला त्यांचा मनापासून अभिमान आहे. पण त्यांच्या उदाहरणाने शासनाचे समाधान होऊ नये. अलीकडच्या जाहिरातींत संरक्षण दलांतील मृतांच्या विधवांसाठी प्रत्येक तुकडीत तांत्रिक शाखेला एक आणि अतांत्रिक शाखेला एक एवढीच जागा असते, आणि त्यासाठी पदवी लागते. शिपाई, नाईक, हवालदार यांच्या बहुतेक पत्नी खेड्यात दहावी-बारावीपर्यंत शिकलेल्या असतात. 'विशेष बाब' म्हणून एकीला मिळालेली सूट इतरांना नियम म्हणून मिळाली, तर तिचा उपयोग साध्या लिपिक, ग्रामसेवक, परिचारिका या पदांसाठी होईल. आमच्यासाठी तेच मोठे आहे.

'पेन्शन मिळते ना, मग नोकरी कशाला?' हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला आहे, बँकेतल्या माणसाने विचारला आहे, आणि एकदा व्यासपीठावर माझा सत्कार करणाऱ्या पाहुण्यांनीही विचारला आहे. त्याचे उत्तर एकदा शांतपणे द्यावेसे वाटते. माझी पेन्शन लिबरलाइज्ड आहे, म्हणजे यजमानांच्या शेवटच्या वेतनाइतकी आहे, आणि तिच्याबद्दल मी कृतज्ञ आहे. परंतु पहिली नऊ वर्षे त्या खात्याचे पासबुक सासऱ्यांच्या कपाटात होते आणि मला मुलांच्या वह्यांसाठी पैसे मागावे लागत. कोणी वाईट होते म्हणून नव्हे. तरण्या विधवेच्या हातात पैसा नको, अशी आमच्याकडची समजूत होती म्हणून. मी शाळेत नोकरीला लागले त्या महिन्यात पासबुक न मागता माझ्या हातात आले. पगार पेन्शनपेक्षा कमी होता, पण सकाळी डबा घेऊन बाहेर पडणाऱ्या बाईचा शब्द घरात वेगळा ऐकला जातो. शिवाय शाळेत मला माझ्या नावाने हाक मारतात. नऊ वर्षे मी फक्त 'अमुकची बायको' आणि 'वीरपत्नी' होते.

आणि ज्यांना लिबरलाइज्ड पेन्शन नाही, त्यांचे काय? सैन्याच्या कागदांत बॅटल कॅज्युअल्टी आणि फिजिकल कॅज्युअल्टी असे दोन रकाने आहेत. गोळी लागून गेला तर पहिला रकाना; बॅरेकमध्ये हृदयविकाराने, सुट्टीवर असताना रस्त्यावर, आजाराने किंवा स्वतःच्या हाताने गेला तर दुसरा. सेवेशी संबंध मान्य झाला तर पत्नीला वेतनाच्या ६० टक्के विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळते, नाहीतर काही वर्षांच्या वाढीव दरानंतर ३० टक्क्यांवर यावे लागते. निवृत्तिवेतनातील हा फरक का ठेवला असेल, ते मी समजू शकते. रोजगाराच्या साहाय्यातही तोच फरक का असावा, हे मात्र मला पटत नाही. सार्वजनिक उपक्रम आणि राष्ट्रीयीकृत बँकांतील गट क व ड पदांमध्ये अपंग माजी सैनिक आणि युद्धात मृत्यू पावलेल्यांचे आश्रित यांच्यासाठी मिळून ४.५ टक्के जागा आहेत. दुसऱ्या रकान्यातील बाईला तिथे प्रवेश नाही. माझ्या शेजारच्या वाडीत एका जवानाची पत्नी राहते. तो रजेवर घरी येताना मोटारसायकलच्या अपघातात गेला. तिच्या दारात बिगूल वाजला नाही, संस्थेने नोकरी जाहीर केली नाही, २६ जुलैला, कारगिल विजय दिवसाला, तिला कोणी बोलावत नाही. तिला दोन मुली आहेत आणि ती दुसऱ्यांच्या उसात खुरपायला जाते. माझ्यापेक्षा कामाची गरज तिला अधिक आहे, आणि रोजगाराच्या बाबतीत तिच्यासमोरचे दरवाजे माझ्यापेक्षा कमी आहेत. निदान प्रशिक्षण, वयाची सवलत आणि नोकरीसाठीचे मार्गदर्शन या तीन बाबतींत मृत्यूचा प्रकार विचारू नये.

प्रशिक्षणाबद्दल मला माझ्या अनुभवातून बोलायचे आहे. यजमान गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी एका कार्यक्रमात मला शिलाई मशीन मिळाले. मी पाच वर्षे त्यावर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवले. आमच्या छोट्या गावात त्या वेळी अकरा शिलाई मशीन होती आणि त्यांतील चार वेगवेगळ्या योजनांतून आलेली होती. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, पण गावात शिवण्याइतके कापड आहे का, हे कोणी पाहिले नव्हते. २०२३ मध्ये केंद्रीय सैनिक बोर्डाने हवालदार व त्याखालील पदांवरील सैनिकांच्या विधवांसाठी व्यवसाय प्रशिक्षणाचे एकरकमी अनुदान २० हजारांवरून ५० हजार रुपये केले, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र तालुक्याच्या गावी खोली घेऊन, मुलांना बरोबर ठेवून वर्षभर काही शिकायचे म्हटले, तर ही रक्कम सहा महिन्यांतच संपते. पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत विधवांनाही दरमहा ३ हजार रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी प्रवेशाच्या किमान पात्रता परीक्षेत ६० टक्के गुण लागतात, आणि दहा वर्षांपूर्वी खेड्यातल्या महाविद्यालयात बारावीला ५२ टक्के मिळवून संसाराला लागलेल्या बाईला ते गुण आता कुठून आणता येणार? वीरपत्नींसाठी ही गुणांची अट काढून टाकावी.

माझ्या बाबतीत ज्याचा खरा उपयोग झाला, ते यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आणि माझ्या सासूबाई. विद्यापीठामुळे घरी राहून पदवी घेता आली. सासूबाई निरक्षर होत्या, तरी परीक्षेच्या दिवसांत त्यांनी दोन्ही मुले आपल्याजवळ झोपवली आणि वाडीतल्या बायकांच्या बोलण्याला त्यांनीच उत्तरे दिली. पण प्रत्येकीला अशी सासू नसते, आणि शासनाने ती असल्याचे गृहीत धरू नये. पदवी किंवा प्रशिक्षण घेणाऱ्या विधवेला शिक्षणाच्या काळात मुलांच्या संगोपनासाठी दरमहा ठरावीक रक्कम द्यावी. इतर सर्व तरतुदींपेक्षा तिचा परिणाम जास्त दिसेल, असे मी खात्रीने सांगते.

आपला विभाग पुण्यात आहे, म्हणून आणखी एक सुचवावेसे वाटते. १८९६ साली पुण्यातच अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम सुरू केला आणि पुढे हिंगण्याच्या माळावर त्यांच्या राहण्याची व शिकण्याची सोय केली. १९०९ पासून रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने विधवांना परिचारिका आणि शिक्षिका म्हणून उभे केले. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जायबंदी सैनिकांना नवा व्यवसाय शिकवण्यासाठी सुरू झालेली क्वीन मेरी टेक्निकल इन्स्टिट्यूट आज खडकीत आहे. राहण्याची जागा, शिकण्याची सोय आणि शेवटी हाताला काम, या तिन्ही गोष्टी एका छताखाली लागतात, हे या लोकांना शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. वीरपत्नी आणि सैनिकांच्या विधवांसाठी, मुलांना बरोबर घेऊन दोन वर्षे राहता येईल असे एक निवासी केंद्र पुण्यात सुरू करावे. तिथे परिचर्या, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, लेखापाल, संगणक आणि स्पर्धा परीक्षा यांचे शिक्षण मिळावे. राज्याच्या माजी सैनिक महामंडळाचा, म्हणजे मेस्कोचा, भर सुरक्षारक्षक पुरवण्यावर आहे. त्याच महामंडळाने रुग्णालये आणि कार्यालये यांच्याशी करार करून या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या बायकांना काम मिळवून द्यावे.

आपल्या विभागाच्या जिल्हा कार्यालयांत काम करणारे कल्याण संघटक बहुधा माजी सैनिकच असतात. मला भेटलेले बहुतेक जण मायेचे होते. एका सुभेदार साहेबांनी माझ्या पेन्शनच्या कागदांसाठी स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड ऑफिसला फेऱ्या मारल्या, हे मी विसरणार नाही. तरीही निवृत्त सुभेदारांसमोर, शेजारी सासरे बसलेले असताना, 'मला नोकरी करायची आहे' हे वाक्य मी तीन वर्षे उच्चारू शकले नाही. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक कल्याण संघटक वीरपत्नी किंवा सैनिकाची विधवा असावी आणि तिने घरी जाऊन, एकटीशी बोलून, पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या वर्षी विचारावे की तुला काय करायचे आहे. सैनिकी मुलामुलींच्या वसतिगृहांतील अधीक्षिका आणि स्वयंपाकीण या पदांवर आम्हाला प्राधान्य मिळते, परंतु ती पदे अशासकीय आणि मानधनावरची असतात; त्यांना नियमित वेतनश्रेणी देण्याचा विचार व्हावा.

माहितीचाही प्रश्न आहे. केंद्राच्या अनुकंपा नियुक्तीच्या योजनेत सेवेत मृत्यू पावलेल्या सैनिकाच्या पत्नीलाही अर्ज करता येतो आणि गट क मधील सरळसेवेच्या ५ टक्के जागा त्यासाठी असतात, ही गोष्ट मला अकरा वर्षांनी, तीही एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंकडून कळली. पुनर्वसन महासंचालनालयाचे माजी सैनिकांसाठीचे प्रशिक्षण सेवेत मृत्यू पावलेल्याच्या विधवेलाही खुले आहे, हे तर त्याहून उशिरा समजले. वीरपत्नीला निवृत्तिवेतनाचे कागद देताना तिच्या रोजगाराच्या सर्व तरतुदी, वयाच्या मर्यादा आणि मुदती मराठीत लिहिलेली एक पुस्तिका बरोबर द्यावी, आणि ती वाचून दाखवावी.

दर वर्षी ७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन निधीच्या संकलनाचा शुभारंभ होतो आणि आम्हाला जिल्ह्याच्या ठिकाणी बोलावून साडी-श्रीफळ देऊन सन्मान केला जातो. येत्या ७ डिसेंबरला त्याच सभागृहाच्या दाराशी एक टेबल मांडावे, त्यावर एक वही ठेवावी आणि आलेल्या प्रत्येकीचे वय, शिक्षण, मुलांची वये आणि तिला कोणते काम करायची इच्छा आहे, एवढे लिहून घ्यावे. दुसऱ्या रकान्यातल्या बायकांनाही त्या दिवशी बोलवावे. आमच्या जिल्ह्यात ती वही लिहायला मी बसेन. त्यासाठी शाळेतून रजा घेण्याची माझी तयारी आहे.

आपली विश्वासू,
एक वीरपत्नी